नऊ आठवड्यांचं पिल्लू: खाण्याची वेळ लागली की शी-शूची लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही. लॅब्रॅडोरचं नऊ आठवड्यांचं पिल्लू, मादी, वजन साधारण पाच किलो. तुम्ही दोघं सकाळी आठला अंबडला कामावर जाता, संध्याकाळी सहाला परत येता. दिवसभर घरी सासूबाई असतात आणि गुडघ्यांमुळे त्यांना जिना झेपत नाही. पिल्लू दूध-पोळी खातं, मधूनमधून ग्लुकोज बिस्किट, शिवाय दाण्यांची (म्हणजे पाकिटातल्या तयार डॉग फूडची) वाटी कायम भरलेली. शी दिवसाला आठ-नऊ वेळा, पातळसर, कधी पायपुसण्यावर तर कधी सोफ्यामागे. रात्री रडतं. ओरडून झालं, केलेल्या शी-शूवर नाक घासून झालं, उपयोग नाही.

नाक घासणं आणि ओरडणं आजपासून पूर्ण बंद करा. का, ते पुढे सांगतो. पण खरी दुरुस्ती दुसरीकडेच आहे. या वयातल्या शीच्या बहुतेक तक्रारी वाटीपासून सुरू होतात. तुम्ही फरशीकडे बघताय, आधी वाटीकडे बघा.

पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करायला लागतं आणि आधीचा मल पुढे ढकलतं. माणसातही हे होतं, पिल्लात फार जोरात होतं. खाल्ल्यावर ५ ते ३० मिनिटांत पिल्लाला शी लागते, ती यामुळे. म्हणजे दिवसाला चार ठरलेल्या वेळी खाणं असेल तर शीच्या चार वेळा तुम्हाला आधीच माहीत असतात. वाटी दिवसभर उघडी असेल तर पिल्लू दर अर्ध्या तासाला दोन दाणे खातं, आतडं दिवसभर चालू राहतं आणि कधी काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही, पिल्लालासुद्धा नाही.

पुढे जाण्याआधी एक खात्री करून घ्या: पिल्लू खरंच नऊ आठवड्यांचं आहे का? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी मनाई आहे, तरी महिना-सव्वा महिन्याची पिल्लं सर्रास दिली जातात आणि वय वाढवून सांगितलं जातं. दुधाचे दात मोजा. साधारण आठ आठवड्यांपर्यंत सगळे २८ दात आलेले असतात. मागच्या दाढा अजून हिरडीतच असतील तर पिल्लू लहान आहे. मग खालच्या सगळ्या वेळा आणखी जवळजवळ घ्याव्या लागतील.

आता मोजमाप. 'थोडं थोडं घालते' या पद्धतीने हे जमत नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा काढा. हिशोब असा: शरीराला नुसतं विश्रांतीत चालायला लागणारी ऊर्जा म्हणजे किलोमधल्या वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. पाच किलोला ती साधारण २३५ किलोकॅलरी येते. चार महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लाला त्याच्या सुमारे तिप्पट लागते, म्हणजे दिवसाला ७०० च्या आसपास. पिल्लांच्या दाण्यांत १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, नेमका आकडा बऱ्याच पाकिटांवर छापलेला असतो. यावरून दिवसाचे १८० ग्रॅम धरा आणि चार वेळा ४५-४५ ग्रॅम द्या. तीन किलोच्या पिल्लाला हाच हिशोब दिवसाला १२५-१३० ग्रॅमवर येतो. दर रविवारी वजन करायचं: आधी पिल्लाला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजा करायचं. त्याप्रमाणे माप वाढवायचं. पाकिटावरचा तक्ता आणि हा हिशोब थोडा वेगळा आला तर घाबरू नका. पिल्लाच्या बरगड्यांवरून हात फिरवा. दाब न देता बरगड्या बोटांना जाणवल्या पण नजरेला उठून दिसल्या नाहीत, तर माप बरोबर आहे.

पाकीट मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं घ्या. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांच्या पिल्लांना जास्त कॅल्शियमचा धोका कमी कॅल्शियमइतकाच मोठा असतो. लहान वयात आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, मिळेल तेवढं शोषून घेतं आणि मग हाडं-सांधे वेडेवाकडे वाढतात. म्हणून संतुलित दाणे चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप घालायचं नाही, शेजारच्यांनी कितीही आग्रह केला तरी. उलट नुसती दूध-पोळी किंवा नुसता चिकन-भात यावर वाढवलेल्या पिल्लात कॅल्शियम आणि फॉस्फरसचा मेळ बिघडतो. पाय बाहेर फाकतात, चालताना दुखतं. दोन्ही टोकं वाईट.

दुधाबद्दल सासूबाईंना समजावून सांगावं लागेल आणि ते प्रेमाने सांगा, कारण त्यांनी प्रेमानेच दिलंय. आईचं दूध सुटायला लागलं की पिल्लाच्या आतड्यातलं दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, वर तिथले जिवाणू तिच्यावर वायू करतात. परिणाम: पातळ शी, गुरगुरणारं पोट, दिवसाला आठ फेऱ्या. दूध आजच बंद करा. पोळी मात्र एकदम तोडू नका. पहिले दोन दिवस पाऊण भाग जुनं आणि पाव भाग दाणे, पुढचे दोन दिवस निम्मं-निम्मं, मग पाव भाग जुनं, सातव्या दिवशी फक्त दाणे. सासूबाईंना आपल्या हाताने काही द्यायचंच असेल तर चमचाभर ताजं बिनसाखरेचं दही किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत हे बसतं आणि पिल्लाचा जीवही त्यांच्याकडे ओढ घेतो. बिस्किटाची जागा त्याच १८० ग्रॅममधून बाजूला काढलेल्या मूठभर दाण्यांनी घ्यायची. पिल्लाला बक्षीस मिळण्याशी मतलब असतो, त्यावर साखर आहे की नाही याच्याशी नाही.

दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून द्या, दुधात कधीच नाही. वाटी खाली ठेवली की १५ ते २० मिनिटं थांबायचं, मग संपलेली असो वा नसो, उचलायची. उरलेलं फेकायचं. भिजवलेले दाणे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात लवकर आंबतात आणि तेच संध्याकाळी खाल्लं की जुलाब ठरलेले. पहिले एक-दोन दिवस पिल्लू अर्धवट खाईल, सासूबाईंचा जीव वर-खाली होईल. तरीही मधे काही घालायचं नाही. पुढच्या वेळी भूक लागलेली असते. अर्थात हे खेळत-बागडत असलेल्या पिल्लाबद्दल. मलूल पडून सलग दोन वेळा वाटीला तोंड लावलं नाही तर तो नखरा नाही, आजार आहे. पाणी मात्र दिवसभर समोर हवं, पाच किलोला दिवसाला तीनशे ते पाचशे मिलिलिटर सहज लागतं, उन्हाळ्यात जास्त. शू कमी व्हावी म्हणून दिवसा पाणी तोडणं हा छळ आहे.

काय द्यायचं नाही, याबाबत आपल्या जिल्ह्यात जास्तच सावध राहावं लागतं. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत घरोघरी द्राक्षाच्या पेट्या येतात, डब्यात वर्षभर मनुका-बेदाणे असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. त्यामागे द्राक्षातलं टार्टरिक आम्ल असल्याचं आता मानलं जातं. कुणाला मूठभर खाऊनही काही होत नाही, तर कुणाला चार-पाच पुरतात, त्यामुळे सुरक्षित प्रमाण असं सांगता येत नाही. बेदाण्यात तेच आटलेलं असतं, म्हणून तो जास्त वाईट. पेटी फरशीवर ठेवायची नाही आणि खाली गळलेले मणी लगेच उचलायचे. खाल्लंच तर उलटी होण्याची वाट न बघता तासाभरात डॉक्टर गाठा, कारण त्या वेळेत उलटी करवून पोट रिकामं करता येतं. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. हेच टार्टरिक आम्ल चिंचेतही असतं, म्हणून चिंच-गुळाची आमटी कालवलेला भात नको.

कांद्याचंही तसंच. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, तळलेला किंवा मसाल्यातला, कसाही असला तरी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. एका किलो वजनाला १५ ते ३० ग्रॅम कांदा घातक ठरतो. म्हणजे पाच किलोच्या पिल्लाला एक मध्यम कांदा पुरे. परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो: हिरड्या फिक्या, शू तांबूस-तपकिरी, धाप. त्यामुळे मिसळीचा उरलेला रस्सा किंवा भाजीचं वाटण पोळीला लावून देणं पूर्ण बंद. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले बिनसाखरेचे च्युइंगम, गोळ्या हेही विषच. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, तीही नकोत.

आता जागा. सात ते नऊ आठवडे या वयात पायाखाली काय आहे यावरून पिल्लू शी-शूची जागा ठरवायला शिकतं. तुमच्या पिल्लाने मऊ, पाणी शोषणारं कापड निवडलंय, म्हणून पायपुसणं. त्याच्या दृष्टीने हॉलमधली सतरंजी, गादी आणि पायपुसणं एकच. बाजारातल्या शोषक पॅडची अडचणही हीच आहे. पॅडवर शिकलेलं पिल्लू पुढे गोधडीला पॅडच समजतं. लस पूर्ण व्हायच्या आत कुत्र्यांचा वावर असलेल्या मातीत उतरवायचं नाही आणि सासूबाईंना जिना जमत नाही, म्हणून तुमच्या घरासाठी गॅलरीतला मातीचा ट्रे हाच मार्ग मला योग्य वाटतो.

साधारण दोन फूट बाय तीन फूट, तीन इंच खोल प्लास्टिकचा ट्रे घ्या, त्यात दोन इंच माती. माती साधी लाल किंवा पोयट्याची हवी. नर्सरीतलं तयार मिश्रण आणू नका. त्यात बऱ्याचदा एरंडीची पेंड किंवा हाडांचा चुरा असतो. हाडांच्या वासाने पिल्लू माती खातं आणि एरंडीची पेंड जीवघेणी विषारी असते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसाही नको, ते गिळल्यावर पोटात फुगतं. ट्रेखाली दुसरा उथळ ट्रे किंवा जाड प्लास्टिक टाका, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळेल आणि भांडण होईल. ट्रे पिल्लाच्या झोपण्या-खाण्याच्या जागेपासून लांब ठेवा, पिल्लू सहसा आपल्या अंथरुणाशेजारी शी करायला तयार नसतं. गॅलरीच्या ग्रिलला खालच्या दोन फुटांवर जाळी बांधा, पिल्लाचं डोकं ग्रिलमध्ये अडकतं. मे महिन्यात दुपारी गॅलरीची फरशी पाय भाजेल इतकी तापते, पिल्लू तिथे जायला नकार देतं आणि घरातले म्हणतात 'विसरलं'. हिरवी शेडनेट लावा. पावसाळ्यात ट्रे भिजून चिखल झाला तरी तेच होतं, वर छप्पर हवं. शी दर वेळी लगेच उचला, ओली माती दोन-तीन दिवसांनी काढा, पूर्ण माती आठवड्याने बदला. पहिल्या आठवड्यात मात्र शू लागलेली चमचाभर माती मुद्दाम ठेवा, तो वासच पिल्लाला पत्ता सांगतो.

घरातली सगळी पायपुसणी, सतरंज्या, खाली पडलेली उशी, चार आठवडे उचलून ठेवा. सोफ्यामागची जागा पुठ्ठा किंवा खोका लावून बंद करा. पिल्लाला पूर्ण घर मोकळं देऊ नका. स्वयंपाकघर किंवा हॉलचा एक कोपरा, मधे आडवी फळी किंवा जाळीचं गेट, एवढं पुरे. नजर ठेवायला कुणी नसेल तेव्हा क्रेट, म्हणजे पिल्लाला ठेवायचा जाळीचा पिंजरा. क्रेटमध्ये उभं राहून वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे, त्याहून मोठा नको. मोठा असला की एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शी. लॅब्रॅडोर वाढणारच आहे, म्हणून मोठा घ्यायचा असेल तर आत पार्टिशन टाकून लहान करा.

दिवस कसा लावायचा ते सांगतो. सकाळी सहाला पिल्लू उठलं की पाय जमिनीला लागायच्या आत उचलून ट्रेवर, कारण उठल्याउठल्या शू थांबत नाही. साडेसहाला पहिली वाटी. पावणेसातपासून सातपर्यंत परत ट्रेवर, शीसाठी. मग खेळ, मग निघण्यापूर्वी पावणेआठला पुन्हा एकदा. दुसरी वाटी साडेअकराला सासूबाई देतील आणि लगेच ट्रेवर नेतील. तिसरी चारला, तसंच. चौथी रात्री आठला तुमच्या हातून. पाण्याचं भांडं झोपायच्या तासभर आधी उचला, उन्हाळ्यात दोन घोट तरीही देत राहा. शेवटची फेरी अकराला. यांखेरीज प्रत्येक झोपेनंतर, प्रत्येक दंगामस्तीनंतर आणि जागं असताना दर पाऊण-एक तासाला ट्रे. ही फेऱ्यांची संख्या ऐकून दडपण येईल, पण हे तीन-चार आठवड्यांचंच काम आहे आणि यात काटकसर केली तर पुढचे सहा महिने फरशी पुसण्यात जातात.

ट्रेवर नेताना खेळत खेळत नेऊ नका. छोटा पट्टा लावा, ट्रेवर उभं करा, स्वतः शांत उभं राहा, बोलू नका. करायला लागलं की हळू आवाजात एकच शब्द, 'शू कर' किंवा तुमच्या घरात जो असेल तो, पण सगळ्यांचा तोच. पूर्ण झालं की त्याच क्षणी, तिथेच, एक दाणा आणि शाबासकी. दाणा स्वयंपाकघरात येऊन दिला तर पिल्लाला वाटतं, स्वयंपाकघरात आल्याबद्दल मिळाला. दाण्यांची डबी गॅलरीच्या खिडकीतच ठेवा. अर्धवट शू झाल्यावर कौतुकाचा दंगा केला तर ते मधेच थांबून उड्या मारतं आणि उरलेली शू हॉलमध्ये करतं. म्हणून पूर्ण होईपर्यंत गप्प. पाच मिनिटांत काहीच झालं नाही तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर किंवा क्रेटमध्ये दहा-पंधरा मिनिटं, मग पुन्हा ट्रे.

इशारे ओळखायला सासूबाईंना शिकवा. खेळता खेळता एकदम थांबणं, नाक जमिनीला लावून गोल फिरणं, खोलीतून बाहेर निघून जाणं, आधी घाण केलेल्या कोपऱ्याकडे चालत जाणं. मादी पिल्लू शूसाठी फारसा वेळ न घेता एकदम बसतं. बसलेलं दिसलं तर ओरडायचं नाही, टाळी वाजवून लक्ष वळवायचं आणि उचलून ट्रेवर. घडून गेल्यावर सापडलं तर काहीही करायचं नाही. दोन मिनिटांपूर्वी केलेल्या शीचा आणि आत्ताच्या रागाचा संबंध पिल्लाला लागत नाही. नाक घासल्यावर पिल्लाला एवढंच समजतं की माणसासमोर शी करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, ट्रेवर तुमच्यासमोर करत नाही, आणि काही पिल्लं ती खातातही. तुमच्याकडचा सोफ्यामागचा प्रकार याच ओरडण्यातून आलेला असण्याची शक्यता मोठी आहे. कुणी घरी आल्यावर आनंदाने किंवा भीतीने थेंब-थेंब शू होते ती वेगळी, तिला शिस्तीशी देणंघेणं नाही. खाली बसून, डोळ्यांत न बघता, शांतपणे भेटा. वय वाढलं की बहुतेकांची जाते.

पुसण्यात एक चूक बहुतेक घरांत होते, ती म्हणजे फिनेल. फिनेलने माणसाच्या नाकाला वास गेला असं वाटतं, पिल्लाच्या नाकाला आत शू तशीच असते, शिवाय ओल्या फिनेलवर चाललेले पंजे पिल्लू चाटतं. आधी कोरड्या कापडाने किंवा टिश्यूने दाबून टिपून घ्या, मग पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमवालं क्लीनर टाकून बाटलीवर दिलेला वेळ तसंच राहू द्या. ते नसेल तर व्हिट्रिफाइड टाइल्सवर समान पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर चालतं. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर व्हिनेगर टाकू नका, हे चुन्याचे दगड आहेत, आम्लाने त्यांचं पॉलिश जातं. शहाबादी फरशी शू पिते, तिथे कोमट पाणी आणि धुण्याच्या पावडरीने दोनदा धुऊन मग एन्झाइम. ताज्या शूवर ब्लीच ओतायचं नाही, दोन्हीचा मिळून विषारी वायू होतो. व्हिनेगरबरोबर तर अजिबात नाही.

रात्री रडण्याचं उत्तर ९० टक्के सवय आणि थोडं शरीर असं धरून चालू नका, आधी शरीर बघा. महिन्यांचं वय अधिक एक, इतके तास पिल्लू फार तर धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं तीन तास. अकराला झोपवलं तर दोन-अडीचला गजर लावून तुम्हीच उठा. रडायच्या आधी उठलात तर पिल्लू 'रडलं की माणूस येतो' हे शिकत नाही. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, ट्रेवर शू आणि परत क्रेट. क्रेट तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, वेगळ्या खोलीत नाही. भावंडांच्या उबेतून आलेलं पिल्लू एकटेपणाने रडतंच, तुमचा हात जाळीला लागलेला असला तरी पुष्कळ पिल्लं शांत होतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी खरी असते. क्रेटखाली गोणपाट आणि आत घोंगडीचा तुकडा टाका, गारठलेलं पिल्लू जास्त वेळा शू करतं. दर तीन-चार दिवसांनी गजर पंधरा मिनिटं पुढे ढकला. तीन-साडेतीन महिन्यांचं होईतो बहुतेक पिल्लं रात्र काढतात.

जंत आणि लस यांच्याशिवाय ही व्यवस्था लागणार नाही. जंत असलेल्या पिल्लाला कितीही मोजून खायला घाला, शी सुधारत नाही. पोट खाल्ल्यावर नगाऱ्यासारखं, अंग मात्र काटकुळं, केस निस्तेज, शीमध्ये शेवयांसारखे गोल जंत किंवा शेपटीखाली तांदळासारखे दाणे, ही लक्षणं. पण लक्षणं नसतानाही औषध द्यायचं असतं, कारण गोल जंत आईच्या पोटातूनच येतात. १२ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, त्या दिवशीचं वजन करून त्या प्रमाणात. हे जंत माणसाच्या मुलांनाही लागतात, म्हणून शी उचलून हात साबणाने धुवा. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत, रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. शेवटच्या डोसनंतर एक-दोन आठवडे जाईपर्यंत जॉगिंग ट्रॅक, मोकळे प्लॉट, पार्किंगमधली माती यांवर पिल्लाचे पाय टेकवू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. तोवर पिल्लाला कडेवर घेऊन खाली न्या, रिक्षा, माणसं, भाजीवाले दाखवा. जग बघण्याचं वय हेच असतं, तेही वाया जाऊ नये.

पार्व्हो ओळखायला शिका. उलट्या, खाणं सोडणं, मलूल पडणं आणि मग सडका वास असलेली रक्ताळ पातळ शी. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल यातलं काहीही घरी देऊ नका. घरात पार्व्हो होऊन गेला असेल तर फिनेलने तो मरत नाही. जागा धुऊन कोरडी करा, मग एक भाग ब्लीचला ३० भाग पाणी घेऊन पुसा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या.

पोमेरेनियन, शिह त्झू अशी दीड-दोन किलोची पिल्लं असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. यांना चार-सहा तासांहून जास्त उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर उतरते. पिल्लू झोकांड्या खातं, थरथरतं, डोळे लागतात. हिरडीवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि डॉक्टरांकडे निघा. तुमच्या लॅब्रॅडोरला हा धोका कमी आहे.

पहिल्या दहा दिवसांत शी वाचायची सवय लावा. आकार धरलेली, उचलल्यावर जमिनीला डाग न पाडणारी, दिवसाला तीन ते पाच वेळा, ही चांगली. सुरुवातीचा भाग घट्ट आणि शेवटचा मऊ असेल तर बहुधा माप जास्त होतंय, दिवसाचे दाणे दहा टक्के कमी करा. चिकट जेलीसारखा थर दिसला तर खाणं घाईने बदललंय किंवा जंत आहेत. डांबरासारखी काळी शी म्हणजे जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्त, तिला थांबायचं नाही. आणि शू थेंब-थेंब, वारंवार, बसून जोर करत होत असेल तर तो शिकवणीचा दोष नव्हे. मादी पिल्लांत लघवीचा संसर्ग होतो, तपासून घ्या.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की वाट्या चारच्या तीन करा, सहा महिन्यांचं झालं की दोन. लसी पूर्ण झाल्यावर खाली न्यायला लागाल तेव्हा ट्रेमधली शू लागलेली मूठभर माती एका ठरावीक झाडाखाली टाका आणि सुरुवातीचे आठ-दहा दिवस रोज तिथेच न्या. सकाळची आणि रात्रीची फेरी तुम्ही खाली करा, दुपारी सासूबाईंसाठी ट्रे राहू द्या. पिशवी खिशात ठेवा आणि खालची शीही उचला.

हे सगळं दोन आठवडे नीट करूनही शी पातळच राहिली तर डॉक्टरांकडे जाताना सकाळची ताजी शी, सुपारीएवढी, स्वच्छ कोरड्या डबीत न्या. दोन-तीन तासांत पोहोचत नसेल तर फ्रिजमध्ये वेगळ्या पिशवीत ठेवा, गाडीच्या डिकीत उन्हात नाही. सोबत साध्या वहीतली नोंद न्या: किती वाजता किती ग्रॅम, किती वाजता शी, कशी, जंताचं औषध कोणतं आणि कधी, लसीचं कार्ड. दाण्यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटोही काढून घ्या.